टाळेबंदीतले विद्यार्थी आणि त्यांचे मन : महाविद्यालयाने पहिल्या पंधरवड्यात काय करायला हवे होते?

प्रश्न : तासिका तत्त्वावरचा मास्तर, कोल्हापूर

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. आमच्याकडे आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा नव्याने लिहिला जात असून त्यातले ‘साथीचा काळ आणि विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’ हे प्रकरण माझ्या वाट्याला आले आहे. समितीत जो सर्वांत कनिष्ठ असतो त्याच्याकडे कामे ज्या रीतीने येतात, त्याच रीतीने ते आले, हे प्रांजळपणे सांगतो. जुना मसुदा पाऊण पानाचा आहे. तज्ज्ञांचे ऑनलाइन व्याख्यान, योगासनांचे सत्र, सकारात्मक विचारांची भित्तिपत्रके आणि एक प्रश्नमंजूषा, एवढ्यावर त्यात काम भागवले आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये दहा प्रश्नांची कोरोना जनजागृती प्रश्नमंजूषा सोडवा आणि ई-प्रमाणपत्र मिळवा, अशा संदेशांचा ज्यांच्या मोबाइलवर पाऊस पडत होता, त्यांना या मसुद्याचे मूळ लगेच ओळखू येईल. माझ्याकडेही अशी तेवीस प्रमाणपत्रे आहेत.

मी त्या वेळी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. २२ मार्चची जनता संचारबंदी, २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी, तिला मिळत गेलेली मुदतवाढ, अंतिम वर्षाच्या परीक्षेवरून विद्यापीठ अनुदान आयोग आणि राज्य सरकार यांच्यात चाललेली ओढाताण, परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑगस्टचा निकाल आणि त्यानंतर मोबाइलवर दिलेली बहुपर्यायी परीक्षा, हा सगळा क्रम मला पाठ आहे. परंतु क्रम पाठ असल्याने लोकांचे काय झाले ते कळत नाही. मी शहरातच आईवडिलांच्या घरी, स्वतंत्र खोलीत होतो आणि माझी अडचण फार तर कंटाळ्याची होती. माझ्या वर्गातला एक मित्र मात्र मे महिन्यात गटातून बाहेर पडला, फोन उचलेनासा झाला आणि पुढे परीक्षेलाही बसला नाही. त्याला काय झाले होते, हे मी आजतागायत त्याला विचारलेले नाही.

म्हणून येथे विचारतो. त्या काळात जे विद्यार्थी होते, किंवा ज्यांनी विद्यार्थ्यांना जवळून पाहिले, त्यांनी नेमके काय आणि केव्हा टोचले, आणि कोणाच्या कोणत्या कृतीचा खरोखर उपयोग झाला, ते सांगावे. व्यक्तींची आणि संस्थांची नावे कृपया लिहू नयेत. उपदेशापेक्षा प्रसंग लिहिलेत तर मला जास्त उपयोग होईल.

उत्तर : घाटमाथा

सर, मी त्या वर्षी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. गाव गगनबावडा तालुक्यात आणि राजारामपुरीत तिघांत मिळून एक खोली. मार्चच्या मध्यावर ३१ तारखेपर्यंत महाविद्यालये बंद राहतील असे जाहीर झाले, तेव्हा दोन जोड कपडे आणि एक पुस्तक पिशवीत टाकून मी गावी आलो. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. बाकीची पुस्तके, दोन वर्षांच्या वह्या, गादी आणि स्टोव्ह खोलीतच राहिले. मी त्या खोलीचे कुलूप पुन्हा उघडले ते सप्टेंबरमध्ये, तोपर्यंत वह्यांचा उंदरांनी भुगा केला होता आणि अनामत रक्कम मालकांनी भाड्यात वळती करून घेतली होती. मालकांना मी दोष देत नाही. त्यांचेही घर त्या भाड्यावरच चालत होते.

घरी दोन खोल्या, माणसे सहा आणि मोबाइल दोन, त्यातला एक बटणांचा. दुसऱ्यावर धाकट्या भावाची शाळाही चालायची. गावात रेंज नाही. ती मिळते देवळाच्या मागे चढून गेल्यावर, सड्यावर. एप्रिल-मेमध्ये उन्हात बसून तास ऐकता आले, परंतु जूनपासून आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते आपल्याला माहीत असेलच. एका हातात छत्री धरायची, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा आणि सरांचा आवाज तुटक तुटक ऐकायचा, असे मी आठ दिवस केले आणि मग सोडून दिले. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे, त्यामुळे सोडून देण्याला कारणही आयते मिळाले.

मात्र मला जे सांगायचे आहे ते रेंजबद्दल नाही. मी विद्यार्थी होतो तो त्या खोलीमुळे होतो, हे मला खोली सुटल्यावर कळले. शहरात खिशात किल्ली असायची, अभ्यासिकेत एक ठरलेली खुर्ची असायची, मेसची वेळ असायची आणि त्या सगळ्यामुळे दिवसाचे काही तास माझे आहेत हे कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते. गावी आल्याबरोबर मी ‘सुट्टीला आलेला’ झालो. पुण्यात कंपनीत असलेला थोरला भाऊ काम सुटल्यावर परत आला, चौदा दिवस मराठी शाळेत अलगीकरणात राहून घरी आला, आणि मग एका घरात दोन रिकामे हात दिसू लागले. दुधाचा दर उतरला होता, मजूर मिळत नव्हते, आणि जुलैत रोपलावण आली तेव्हा मला कोणी विचारलेही नाही. चिखलात उतरायचे हे गृहीतच होते. मी उतरलो. त्याचे वाईट वाटले नाही. वाईट वाटायचे ते संध्याकाळी मोबाइल हातात घेतल्यावर आई म्हणायची, “दिवसभर मोबाइलात काय करायलाईस?” त्याचे, कारण दिवसभर मी चिखलात होतो हे तिने पाहिलेले असायचे, आणि अभ्यास ही गोष्ट तिच्या लेखी मोबाइलातच विरघळून गेली होती.

परीक्षेचे तर विचारूच नका. राज्य सरकार म्हणे होणार नाही, ६ जुलैला आयोग म्हणाला झालीच पाहिजे, मग प्रकरण न्यायालयात. अभ्यास करावा तर वेडेपणा आणि न करावा तर गाढवपणा, अशा अवस्थेत तीन महिने गेले. रात्री दोनपर्यंत डोळा लागत नसे, छातीत धडधडायचे, हाताला घाम सुटायचा. आपल्याला कोरोना झाला की हृदयाचे काही आहे, ते कळेना, आणि सांगावे तर घरात आजारी माणूस म्हणजे गावात बोभाटा. ‘डिप्रेशन’ हा शब्द मी उच्चारला असता तर पोराला वेड लागले, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

उपयोग कोणाचा झाला म्हणाल, तर आमच्या महाविद्यालयातील ग्रंथपाल सरांचा. त्यांनी जूनमध्ये फोन केला आणि मन कसे आहे वगैरे काही न विचारता एवढेच विचारले, “तुझी पुस्तके कुठे आहेत?” खोलीत अडकली आहेत म्हटल्यावर त्यांनी ग्रंथालयातली तीन पुस्तके बांधून दुधाच्या गाडीवरच्या चालकाकडे दिली. टाळेबंदीत एसटी बंद होती, दुधाची गाडी बंद नव्हती. गावच्या डेअरीत कॅनच्या शेजारी माझ्या नावाचे पुडके उतरले ते सगळ्यांनी पाहिले, आणि त्या दिवसापासून सकाळचे दोन तास मला घरात कोणी हाक मारली नाही. पुस्तकांपेक्षा ते पुडके चारचौघांत उतरले याचा उपयोग जास्त झाला, असे आज वाटते.

पुढचे थोडक्यात. पदवी मिळाली, आणि गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो तेव्हा “म्हणजे कोरोना बॅच का?” म्हणून टेबलाभोवतीचे तिघेही हसले. नोकरी दुसरीकडे लागली, पण ते हसणे अजून विसरलेलो नाही.

उत्तर : राजारामपुरीची खानावळ

मी सांगते आहे आणि माझी लेक टंकते आहे, त्यामुळे भाषा तिची आणि अनुभव माझा असे समजावे.

माझ्याकडे त्या मार्चमध्ये साठाच्या आसपास मुले जेवत होती. चार दिवसांत पन्नास गेली. जी राहिली ती हौसेने राहिली नव्हती. कोणाचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात, कोणाच्या गावाने वेशीवर चर खणून रस्ता बंद केलेला, तर एकाच्या घरी आजी नव्वदीची, म्हणून वडिलांनीच येऊ नको म्हणून सांगितलेले. पंगत बंद झाली. मग आम्ही डबे सुरू केले आणि माझा भाचा पोलिसांकडून परवानगीचा कागद घेऊन ते खोल्याखोल्यांवर पोहोचवू लागला. पहिला महिना मी पैसे मागितले नाहीत. त्यानंतर मागितले, कारण किराणा दुकानदार माझ्याकडे मागत होता.

आता आपल्या प्रश्नाचे. मानसिक आरोग्य मला कळत नाही, पण डबा परत आला की मला कळायचे. भाकरी तशीच, भाजी अर्धी, आमटीला हात नाही, असा डबा एकदा आला तर पोराचे पोट बिघडले असेल म्हणून सोडून द्यायचे. तोच डबा ओळीने तीन दिवस तसा आला की भाच्याला सांगायचे, आज डबा दारात ठेवून येऊ नकोस, कडी वाजव आणि तो उघडेपर्यंत थांब. अशा एका मुलाचे दार दुपारी साडेतीनला उघडले. खोलीत दिवसा अंधार, खिडकीला चादर, आंघोळ कधी केलेली ते त्यालाच आठवेना. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा हुशार मुलगा होता. परीक्षा पुढे ढकलली की आठ दिवस झोपून राहायचा, नवी तारीख आली की उठून बसायचा, आणि ती तारीखही पुढे जायची. त्याला मी संध्याकाळी खानावळीच्या मागच्या अंगणात बसून लसूण सोलायला बोलावू लागले, सहा फुटांवर, तोंडाला रुमाल बांधून. बोलायचा नाही. लसूण मात्र किलोकिलोने सोलला. महिनाभराने एक दिवस स्वतःच म्हणाला की काकू, मला दवाखान्यात जायला हवे, आणि माझे यजमान त्याला घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. आज तो सरकारी नोकरीत आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्याला आवडणार नाही.

त्याच्या महाविद्यालयातून त्या काळात त्याची चौकशी करायला कोणी आले नाही. कदाचित तो तिथे राहतो हेच त्यांना ठाऊक नसावे.

उत्तर : समुपदेशनाच्या खुर्चीतून

कोल्हापूर आणि सांगली परिसरात मी अनेक वर्षे समुपदेशनाचे काम करते. काकूंनी जे डब्यावरून ओळखले, तेच आम्ही प्रश्नावलीवरून ओळखतो. भूक, झोप, आंघोळ आणि ठरलेली वेळ या चार गोष्टी विस्कटल्या आणि तशा दोन आठवडे राहिल्या, मन कशातच रमेनासे झाले, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटू लागले आणि हाती घेतलेले काम निभेनासे झाले, तर त्याला केवळ ‘मूड नाही’ म्हणून सोडू नये. त्याआधीच्या अस्वस्थतेला आजार म्हणण्याची घाई करू नये, हेही तितकेच खरे. मार्च २०२० मध्ये ज्याला भीती वाटली नाही, त्याचीच मला अधिक काळजी वाटली असती.

घाटमाथा यांचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. खोली, रेंज आणि रिचार्ज दिले की मन आपोआप सांभाळले जाईल, असा मात्र कोणी त्याचा अर्थ काढू नये. ताराबाई पार्कातल्या प्रशस्त घरात राहणारी, स्वतःचा लॅपटॉप असलेली मुलेही माझ्याकडे आली. एकीचा आजार टाळेबंदीच्या दोन वर्षे आधीचा होता. मैत्रिणी, नृत्याचा वर्ग आणि रंकाळ्यावरच्या संध्याकाळी यांनी तो झाकून ठेवला होता, आणि ते सारे एका आठवड्यात बंद झाल्यावर तो उघडा पडला, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याची झळ तरुणांना व स्त्रियांना अधिक बसली. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ अशी आहे. या वाढीचे खापर एकट्या टाळेबंदीवर फोडता येणार नाही, कारण ती चढण आधीपासूनची आहे. पण समितीतल्या कोणी ‘मुले सावरली की आता’ असे म्हटले, तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत.

मास्तर, आपण दूरध्वनीवरील समुपदेशन आराखड्यात घालणार असाल, तर एक अडचण आधीच लक्षात घ्या. केंद्र सरकारचा ‘मनोदर्पण’ उपक्रम जुलै २०२० मध्ये सुरू झाला, आम्हीही इकडे फोनवर बोलत होतो. परंतु ज्या घरात सहा माणसे दोन खोल्यांत आहेत, तेथून मुलगी बोलणार कुठून? मला फोन यायचे ते गोठ्यातून, उसाच्या बांधावरून, न्हाणीघरात नळ सोडून. कित्येकदा मी हो किंवा नाही एवढेच उत्तर लागेल असे प्रश्न विचारत असे. एका मुलीशी माझा संकेत ठरला होता : ती मध्येच “मॅडम, पुस्तक मिळालं” म्हणाली की खोलीत कोणीतरी आले असे समजायचे आणि मी पुढची दोन मिनिटे अभ्यासक्रमावर बोलायचे. म्हणून फोनच्या जोडीला लेखी संदेशांची सोय हवी, आणि वेळ मुलांनी निवडायची हवी.

दुसरी लाट मात्र वेगळीच होती, आणि येथे कोणीच तिचा उल्लेख केला नाही याचे मला आश्चर्य वाटते. २०२० मध्ये मुले अडकून पडली होती. २०२१ च्या एप्रिलपासून ती धावत होती. राज्यात इतरत्र निर्बंध सैल होऊ लागले तरी जून-जुलैपर्यंत कोल्हापुरातील संसर्गाचा दर चढाच होता. आईवडील दोघेही दाखल आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा प्राणवायूची खाट शोधतो आहे, संमतिपत्रावर सही करतो आहे, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले. जी माणसे गेली त्यांचे शेवटचे दर्शन नाही, दहाव्याला चार माणसे नाहीत, आणि त्यातच ‘घरात कोरोना मीच आणला’ ही टोचणी. यावर व्याख्यानाचा काहीही उपयोग नाही. अशा मुलाला परीक्षा अर्जाची मुदत वाढवून द्या, त्याचे शुल्क थांबवा, आणि दर आठवड्याला एकाच माणसाने फोन करा. दर वेळी नव्या माणसाने नव्हे, कारण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे हीच त्याला शिक्षा असते.

आणखी दोन गोष्टी शिक्षकांना सांगून ठेवाव्यात. जीव नकोसा झाला आहे का, असे थेट पण हळुवारपणे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही; उलट, कोणीतरी विचारले म्हणून बोलता येते. दुसरे, पोलिसांच्या भीतीने घरचे लोक अशी गोष्ट दडपतात. परंतु मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही उपलब्ध आहे. प्रत्यक्ष दाखवायचे तर आपल्याकडे सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि केसपेपर काढताना कोणी मागे वळून पाहत नाही.

उत्तर : घाटमाथा

मॅडम, आपले बरोबर आहे. मी माझ्यापुरते बोललो. त्या जुलैत मला १४४१६ ठाऊक असता (तेव्हा तो नव्हताच) तरी मी सड्यावर चढून तो लावला असता का, हे मात्र प्रामाणिकपणे सांगता येत नाही. रेंज असलेल्या त्या एका दगडावर कायम कोणीतरी बसलेले असायचे.

उत्तर : चंदगडची

मी त्या वर्षी कोल्हापुरात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या गावाला बाजार बेळगावचा, मोबाइलला रेंज बहुधा कर्नाटकातली, आणि टाळेबंदीत सीमा बंद झाल्यावर आम्ही धड इकडचे ना तिकडचे. पण मी लिहिते आहे ते दुसऱ्याच कारणासाठी, कारण वर मुलींविषयी फारसे कोणी बोललेले नाही.

आमच्या खोलीत चौघीजणी होतो. २०२० ची दिवाळी येईपर्यंत त्यांतल्या दोघींची लग्ने झालेली होती. पन्नास माणसांत लग्न उरकता येते, मांडव नाही, जेवणावळी नाही, मानपान नाही, म्हणजे लाखांचा खर्च हजारांत येतो, हा हिशेब त्या वर्षी घरोघरी मांडला गेला. कोणी क्रूर नव्हते. वडिलांचा काजूचा माल पडून होता, कॉलेज कधी उघडेल ते कोणी सांगत नव्हते, आणि मुलगी घरी बसलेली दिसत होती. पुरुषमाणसे दिवसभर घरात म्हटल्यावर स्वयंपाक तीनदा, चहा पाचदा. माझा अभ्यास रात्री अकरानंतर सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांत मी पुस्तकावर डोके टेकायची. मला एक स्थळ चक्क व्हिडिओ कॉलवर बघून गेले. चहाचा ट्रे हातात धरून मोबाइलसमोर उभी राहिले होते, हे आठवले की अजून हसू येते आणि लगेच थांबते.

माझे शिक्षण टिकले ते आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडममुळे. त्यांनी फोन केला तो मला नव्हे, माझ्या वडिलांना. मुलगी हुशार आहे वगैरे त्या बोलल्याच, पण मुख्य म्हणजे त्यांनी महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र पाठवले, त्यात पुढच्या वर्षाचे प्रवेश, प्रात्यक्षिके आणि परीक्षा यांचे अंदाजे महिने लिहिलेले होते. वडिलांनी ते पत्र कपाटात ठेवले आणि स्थळवाल्यांना सांगितले की पोरीची परीक्षा आहे, कागद आला आहे. त्यातले बहुतेक महिने पुढे चुकले. महाविद्यालये नीट उघडायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. पण तोवर पत्राने आपले काम केले होते.

एक नुकसान राहिलेच. अनुमापन (टायट्रेशन) मी व्हिडिओ पाहून शिकले, त्यासाठी लागणारी काचेची मापनळी, म्हणजे ब्युरेट, हातात धरली ती थेट तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस. पुढे प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर हात थरथरायचा, आणि ही थरथर अज्ञानाची की भीतीची, हे मला बराच काळ कळत नव्हते. सर, आराखड्यात महाविद्यालय उघडल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचाही विचार करा. आम्ही परत आलो तेव्हा सगळे जण आम्हाला तिसऱ्या वर्षाचे समजून वागत होते, आणि आम्ही मनाने पहिल्या वर्षातच थांबलो होतो.

उत्तर : नदीकाठ, शिरोळ

आमच्या तालुक्यातल्या मुलांनी २०१९ चा पूर, २०२० ची टाळेबंदी आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर असे सलग पाहिले. पहिल्या पुरात माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका भिजल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रतींसाठी अर्ज केला तोवर टाळेबंदी लागली आणि त्यापायी एका शिष्यवृत्तीची मुदत हुकली.

दोन्हींतला फरक सांगतो. पुरात नुकसान अधिक झाले, पण माणसे होती. कोण कुठली तरुण मंडळे ट्रक भरून भाकरी घेऊन आली, शाळेत शंभर जण दाटीने झोपलो, रडायला आणि हसायला सोबत होती. टाळेबंदीत दारात पाणी नव्हते, घर कोरडे होते, आणि तरीही मला तो काळ अधिक जड गेला, कारण मदतीला जाणे हाच त्या वेळी गुन्हा ठरला होता. आराखड्यात पूर आणि साथ यांची एकच यादी करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर : तासिका तत्त्वावरचा मास्तर

सर्वांचे आभार. चार दिवस हे सगळे पुन्हा पुन्हा वाचले आणि जुना पाऊण पानाचा मसुदा बाजूला ठेवला. नव्या मसुद्याची सुरुवात ‘पुस्तके कुठे आहेत?’ या प्रश्नाने केली आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाला एवढेच विचारायचे आणि उत्तर लिहून ठेवायचे. पालकांना शिक्क्याचे पत्र पाठवायचे, हे चंदगडच्या ताईंचे. एका मुलासाठी एकच माणूस, आणि फोनसोबत लेखी संदेश, हे मॅडमचे. पूर आणि साथ यांची प्रकरणे वेगळी केली. योगासनांचे सत्र काढून टाकलेले नाही, कारण प्राचार्यांना ते हवे आहे, आणि ते कोणाला अपायकारकही नाही.

त्या मित्राला परवा फोन लावला. साडेचार वर्षांनी. त्याने उचलला आणि ‘बोल की’ म्हणाला, जणू कालच बोललो होतो. टाळेबंदीविषयी मी काही विचारले नाही; पुस्तके कुठे होती तुझी, एवढेच विचारले. तो जरा थांबला आणि मग चाळीस मिनिटे बोलला. त्यातले येथे लिहिण्यासारखे काही नाही.

एका ठिकाणी मात्र काम अडले आहे. शहरात खोली करून एकटे राहणारी मुले किती आणि कुठे, हे काढण्यासाठी मी कालच आमचे प्रवेश अर्ज चाळले. त्यात कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असे दोन रकाने आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांनी दोन्हींत गावाचाच पत्ता लिहिला आहे. खोलीच्या पत्त्याला रकानाच नाही. काकू, आपल्याकडे आज जेवणाऱ्या मुलांची जी वही असेल, तिच्यात खोल्यांचे पत्ते असतात का?

उत्तर : राजारामपुरीची खानावळ

वहीत नावे आणि पैसे असतात, पत्ते नाहीत. पण कोणाचा डबा कोणत्या गल्लीत, कोणत्या जिन्याने जातो, ते भाच्याला तोंडपाठ आहे. मंगळवारी दुपारी तीननंतर या, तोवर तो डबे देऊन परतलेला असतो. येताना कागद घेऊन या, तो भरभर सांगतो.